चाळीस झिंग्या आणि निपाणीची नर्सबाई

लोक दिवाळीच्या सुट्टीत बायकोला घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जातात. मला माझी बायको बेळगावला घेऊन गेली, तेही झिंग्यांचे डोळे कापायला. शेजाऱ्यांना मी "जरा फिरून येतो" एवढंच सांगितलं होतं. पण रिक्षात दोन थर्माकोलच्या पेट्या, हवेचे पंप, नळ्यांची भेंडोळी आणि एक मायक्रोस्कोप चढताना पाहून आमच्या गल्लीने आम्ही आइस्क्रीमचं दुकान काढतोय असं ठरवून टाकलं. मीही नाही म्हणालो नाही. खरं कारण सांगण्यापेक्षा आइस्क्रीम बरं.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, वाशीमजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वय त्रेपन्न. या वयात बाईने नातवंडांसाठी मोजे विणावेत असं माझ्या बहिणीचं मत आहे. सुनंदा पीएच.डी. करते. सहा वर्षं झाली होती, मुदत दोनदा वाढवून घेतली होती, आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. मार्चपर्यंत प्रबंध दिला तर दिला, नाहीतर सहा वर्षांचे झिंगे पाण्यात.

प्रबंधाचं नाव साडेतीन ओळींचं आहे. त्यातलं मला उमगलं तेवढं सांगतो. झिंग्याचं कवच कडक असतं, ते वाढत नाही. आतला प्राणी मात्र वाढतो. मग जुनं कवच फोडून बाहेर यायचं आणि नवं घट्ट होईपर्यंत मऊ अंगाने कुठेतरी दडून बसायचं. हीच त्याची कात. कात टाकायला लावणारा हार्मोन छातीपाशी तयार होतो आणि त्याला दाबून ठेवणारा दुसरा हार्मोन डोळ्याच्या देठात. (झिंग्याचे डोळे देठावर असतात ही माहिती मला लग्नामुळे मिळाली.) मादीची अंडी पिकण्यावरचा लगामही त्याच देठात असतो. त्यामुळे एक डोळा देठासकट उडवला की दोन्ही लगाम सुटतात, मादी आठवडाभरात कात टाकते आणि अंड्यावर येते. सगळीकडे असंच करतात, असं सुनंदाच्या मार्गदर्शक सरांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ती सहा वर्षं तेच करत आली होती.

शेवटच्या प्रकरणासाठी तिला चाळीस जिवंत माद्या हव्या होत्या. आमच्याकडच्या तलावातले झिंगे ठेकेदाराने यंदा आधीच उपसले होते. बेळगावच्या बाजारात गोड्या पाण्यातले झिंगे जिवंत मिळतात असं सरांना कोणीतरी सांगितलं, आणि सरांनी ते आम्हाला सांगितलं. मी बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्यांना प्रवासाला लावणं हा माझा धंदा होता. स्वतः करायची वेळ आली ती अशी.

बेळगाव

बेळगावात उतरल्यावर पहिला धक्का पाट्यांचा बसला. सगळ्या कानडीत. ज्या माणसाने एकतीस वर्षं "पाटी वाचता येत नाही का" म्हणून लोकांवर खेकसायचं काम केलं, तो आता पेट्या सांभाळत येणाऱ्याजाणाऱ्याला "ही गाडी कुठली हो" असं विचारत होता. गंमत म्हणजे एकही माणूस खेकसला नाही. एका म्हातारबाबांनी तर आधी कानडीत, मग मराठीत आणि मग हाताला धरून सांगितलं. मला ते फार लागलं.

सकाळी मासळीबाजारात गेलो. शेवंताक्का नावाची एक भरदार बाई टोपल्यांच्या मागे बसली होती. तिने आधी "सीगडी बेकेन्री?" असं विचारलं. आमचे चेहरे पाहून "कोळंबी पायजे का?" विचारलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाशी हिंदीत घासाघीस करून ती मोकळीही झाली. आमच्याकडे माणूस एका भाषेत भांडतो आणि त्याच भाषेत दमतो. इथे तीन भाषा असल्यामुळे भांडण बराच वेळ ताजं राहतं.

टोपलीतली कोळंबी समुद्रातली होती, बर्फावरची आणि केव्हाची मेलेली. सुनंदाने तरीही सवयीने एक उचलून उलटी केली आणि भिंगाने तिच्या पायांच्या मुळाशी पाहू लागली. नर की मादी हे तिथल्या छिद्रावरून कळतं; मादीचं तिसऱ्या पायाशी, नराचं पाचव्या. शेवंताक्काने हा प्रकार थोडा वेळ सहन केला आणि मला विचारलं की बाई कोळंबी विकत घेणार आहेत की तिचं लग्न जुळवणार आहेत. मी दुसऱ्याच टोपलीतले बांगडे न्याहाळू लागलो.

जिवंत कोळंबी बेळगावात मिळणार नाही, हे तिने एका वाक्यात सांगितलं. तळ्यातली हवी असेल तर निपाणीच्या अलीकडे एक नर्सबाई आहे, तिनं तळं काढलंय. नदीतली हवी असेल तर खानापूरला मलप्रभेवर जाऊन बघा. सुनंदाला नदीतली हे ऐकून हुरूप आला. दुपारी मी कुंदा खाल्ला. दुधाला तपकिरी होईपर्यंत आटवून त्याने काहीतरी मोठा गुन्हा केल्यासारखी ही शिक्षा देतात, आणि आपण ती शिक्षा पावशेर घेऊन चाटत बसतो. आमच्या भागात असं काही नाही. आम्ही दुधाचा चहा करून मोकळे होतो.

खानापूर

खानापूरचा दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू कमकुवत आहे.

मलप्रभा तिथे अजून लहान आहे. कणकुंबीच्या जंगलातून निघून ती नुकतीच माणसांत आलेली असते, त्यामुळे पाणी स्वच्छ आणि काठावर झाडी. परश्याआप्पा नावाच्या एका मासेमाऱ्याने आमच्यासाठी जाळं टाकलं. एका तासात तीन झिंगे मिळाले, करंगळीएवढे. सुनंदाने ते पाहिले आणि ही वेगळी जात आहे, आपल्या कामाची नाही, असं सांगितलं. आप्पा म्हणाले, चवीला एकच. मी पेटी घेऊन काठावर उभा होतो. "पाय सोडून बसा की," असं आप्पांनी आपुलकीने सांगितलं म्हणून मी शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला आणि पेटीसकट नदीत बसलो. हवेचा पंप बंद पडला तो कायमचा. झिंगे निसटले. सुनंदाने मला बाहेर काढण्याआधी पंप बाहेर काढला.

परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. हल्ली ती बरेचदा अशी असायची. दोनेक वर्षं घरात काही सांडलं, पडलं, उशीर झाला की तिचा पारा चढायचा. मध्येच खिडक्या उघडायची, मध्येच पंखा लावायची, आणि मी काही विचारलं की "काही नाही" म्हणायची. मी समजत होतो की निवृत्त होऊन दिवसभर घरात दिसणारा नवरा हेच त्याचं कारण. त्या दिवशी तर मी ओलाही होतो.

निपाणीच्या अलीकडे

नर्सबाईंचं गाव वेदगंगेच्या बाजूला आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि तंबाखू. तंबाखूचं हिरवंगार शेत मी पहिल्यांदा पाहिलं. इतकं पौष्टिक दिसतं की त्याची भाजी का करत नाहीत असं वाटावं. आमच्या तोंडात जी चिमूट येते तिचं बालपण असं असेल ही कल्पना नव्हती.

बाईंचं नाव सुजाता. वय बेचाळीस-त्रेचाळीस. निपाणीतल्या एका दवाखान्यात मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायका येतात, तिथे ती नर्स आहे. नवरा अशोक हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. दारात आम्हाला "जय भीम, या की आत," म्हणून घेतलं आणि बसायच्या आधी तांब्या पुढे आला. सुजाताची आई तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर पानाच्या शिरा काढायची. ज्या जमिनीवर आईने मजुरी केली, तीच दोघांनी नोकऱ्या करून पुढे विकत घेतली. अशोकचं म्हणणं ऊस लावावा. सुजाता म्हणाली तळं. तंबाखूचा तर विषयच नव्हता. आईनं हुंगली तेवढी बास, असं तिचं मत. तळ्यात कोळंबी सोडून तीन वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळीच जाळं ओढलं. सुनंदाचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी तसा पाहिला. वीतभर लांबीचे झिंगे, निळ्या नांग्यांचे दांडगे नर, आणि माद्या तर भरपूर. चाळीस माद्या निवडून ओसरीतल्या प्लॅस्टिकच्या टोपांत ठेवल्या. सुजाताने सगळं बघितलं, मदत केली, पण कशासाठी ते विचारलं नाही. पाहुणा जेवल्याशिवाय त्याला काही विचारायचं नाही अशी त्यांच्याकडे पद्धत असावी. जेवणात ज्वारीची भाकरी, खर्डा आणि कोळंबीचं लालभडक कालवण होतं. आमची तर्री तोंड भाजते. इथला रस्सा आधी गोड बोलतो आणि मग कानशिलं तापवतो. सुनंदाने वरण-भात खाल्ला. ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांना खायचं नाही हा तिचा नियम. माझा प्रबंध नसल्यामुळे मी तीनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाता ड्युटीवरून आली तेव्हा सुनंदाने ओसरीत टेबल मांडलं होतं. बारीक कात्री, चिमटा, कात्री तापवायला मेणबत्ती. ओल्या फडक्यात पहिली मादी गुंडाळलेली, नुसते डोळे बाहेर. सुजाताने पांढरा कोट न काढताच विचारलं की हे काय चाललंय. सुनंदाने सांगितलं, वर्गात सांगते तसं, पहिल्यापासून. सुजाताने मध्ये एकदाही अडवलं नाही. लगाम, अंडी पिकणं, हार्मोनची पातळी, सगळं तिच्या रोजच्या कामातलंच होतं. सुनंदा थांबल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडं बाईला साधी हार्मोनची सुई द्यायची तरी आधी कागदावर सही घेत्यात. नवराबायको दोघांची. हिची सही कुठं हाय?"

मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

सुनंदा म्हणाली की सगळीकडे हे असंच करतात. सुजाताने विचारलं, भूल देता का? सुनंदा म्हणाली, त्यांना तसं दुखत नाही असं आमच्या सरांनी सांगितलं होतं.

"सरांना कुणी सांगितलं?"

सुनंदाने कात्री खाली ठेवली. सुजाताने फडक्यातली मादी उचलून पाण्यात सोडली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तळं माझं हाय, मॅडम. माद्या बगा, मोजा, रगत काढा. डोळा न्हाय कापायचा. हितं तरी न्हाय."

सुनंदा उठून तळ्याच्या बांधावर गेली. मी मागे गेलो, कारण तेवढंच मला करण्यासारखं होतं. ती भराभर चालत होती आणि बोलत होती. सहा वर्षं, दोनदा मुदतवाढ, मार्च. आणि एका नर्सने पाच मिनिटांत कात्री खाली ठेवायला लावली. मग ती एकदम थांबली, चेहरा लाल झाला, आणि नोव्हेंबरच्या गार वाऱ्यात तिच्या कपाळावरून घाम वाहू लागला. मला वाटलं संताप. मी घाबरून दोन पावलं मागे सरलो.

सुजाता पाण्याचा तांब्या घेऊन आलीच होती. तिने सुनंदाला बांधावर बसवलं, मनगट धरलं आणि माझ्यासमोर, हवापाणी विचारावं तसं विचारलं, "पाळी थांबून किती दिवस झालं?"

मी तळ्याकडे बघू लागलो. सुनंदा म्हणाली, दोन वर्षं. सुजाताने विचारलं की असा गरमीचा लोट येतो का, झोप मोडते का, बारीकसारीक गोष्टीला राग येतो का. सगळ्याला होय. हे डॉक्टरला सांगितलं का, तर नाही. का नाही, तर वेळ कुठे होता, प्रबंध होता. सुजाता म्हणाली, "लई नवल हाय. झिंगीचं हार्मोन सहा वर्सं मोजलं, आन् स्वतःचं एकदा बी न्हाय."

सुनंदा हसायला लागली. आधी हसली, मग थोडी रडली, मग पुन्हा हसली. मी दोन वर्षं समजत होतो की ही माझ्यावर चिडलेली आहे. तशी होतीही, पण त्यातला मोठा भाग माझ्या कर्तृत्वाचा नव्हता हे मला त्या बांधावर कळलं. हायसं वाटलं आणि लाजही. एकतीस वर्षं लोकांच्या चौकशांना उत्तरं देणाऱ्या माणसाने घरात नीट एक चौकशी केली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो आणि टोपीने वारा घालू लागलो. तिने घालू दिला.

तिथे बसूनच मार्ग निघाला. मादी साधारण तीन-चार आठवड्यांनी आपणहून कात टाकते. चाळीस माद्या म्हणजे रोज एखाददुसरी टाकणारच. डोळा न कापता, शेपटीच्या पंख्याची कड मायक्रोस्कोपखाली पाहिली की कुणाची वेळ जवळ आली ते कळतं. आधीचं, त्या दिवशीचं आणि नंतरचं रक्त घ्यायचं. एका आठवड्याच्या कामाला दोन आठवडे लागणार होते. सुट्टी तेवढी शिल्लक होती. प्रश्न सरांचा होता.

फोनवर सर मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. न कापलेल्या माद्यांचं मी काय करू, आधीच्या आकड्यांशी त्या जुळणार कशा, आता शेवटी हा काय खेळ, असं त्यांचं चाललं होतं. सुनंदा सरांपुढे कधी बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "सर, सहा वर्षं मी डोळे कापलेल्यांचंच मोजलं. न कापलेली स्वतःहून कात कशी टाकते, ते मी एकदाही पाहिलेलं नाही." मग, तुमच्या जबाबदारीवर करा, असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

मी परतीची तिकिटं रद्द केली.

पुढचे दोन आठवडे

पहिल्याच दिवशी कळलं की एवढ्या लहान प्राण्याचं जिवंतपणी रक्त काढणं सोपं नाही. पोटाखाली पायांच्या बेचक्यात सुई घालून एक थेंब घ्यायचा. सुनंदाची सुई जास्त खोल घुसली आणि दोन माद्या गेल्या. तिसरीच्या वेळी सुजाताने तिच्या हातून सिरिंज घेतली. न दिसणाऱ्या शिरेतही नेमकी सुई घालणारा तो हात. दोन श्वासांत थेंब नळीत उतरला आणि मादी पाण्यात सोडल्यावर खाणं शोधत निघूनही गेली. रक्त लाल नसतं हे मी तिथे पाहिलं. आधी पाण्यासारखं, मग हवा लागली की जरासं निळं. त्यानंतर रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी सुजाता वेळ जवळ आलेल्या आणि नुकतीच कात टाकलेल्या माद्यांचं रक्त काढायची. सुनंदा ते खराब होऊ नये म्हणून मिथेनॉलच्या नळ्यांत भरून बर्फात ठेवायची. दोघी कमी बोलायच्या आणि एकमेकींच्या हातात बरोबर ती वस्तू द्यायच्या.

मला नंबर घालायचं काम दिलं. मी सुजाताच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येकीच्या पाठीवर आकडा रंगवला. अक्षर माझं चांगलं आहे. तिसऱ्या सकाळी मोजायला बसलो तर एक मादी बिननंबरची. मी म्हटलं, तळ्यातली कुणीतरी घुसली. सुनंदाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती. टोपाच्या तळाशी रिकामं टरफल पडलं होतं, पारदर्शक, मिशांसकट, आणि त्याच्या पाठीवर माझ्या सुंदर अक्षरात सतरा. कात टाकणाऱ्या प्राण्याच्या कवचावर मी नंबर घातला होता. अशोक त्या दिवशी भाकरी खाता खाता तीनदा ठसकला.

पण नंतर याचाच उपयोग झाला. ज्या टरफलावर आकडा, तिने रात्रीत कात टाकली. जी कोरी, तीच ती. सुनंदाने ही पद्धत प्रबंधात लिहिली आहे. माझं नाव घातलेलं नाही.

बहुतेक माद्या अंधारात कात टाकतात, सकाळी नुसतं टरफल सापडतं. आठव्या दिवशी रविवार होता, म्हणून चौघंही ओसरीत होतो. अकराच्या सुमारास एकतीस नंबरची मादी खायचं सोडून एका कुशीवर कलली. सुनंदाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मादीच्या पाठीवर, डोकं आणि शेपटी जुळतात तिथे, एक फट पडली. मग काही वेळ काहीच नाही. मग तिने अंग आखडलं, आतून डोकं मागे ओढलं, मिशा, पाय, नांग्या, एकेक म्यानातून काढावं तसं, आणि एका झटक्यात सगळी बाहेर. पोळीसारखी मऊ, फिकट, धड उभंही राहता येत नव्हतं. डोळेही नवे होते. डोळ्यांवरचं कवचसुद्धा तिने टाकलं होतं.

सुनंदा सहा वर्षांत पहिल्यांदा हे बघत होती. तिने नोंदवहीत वेळ लिहिली आणि पेन तसंच धरून बसून राहिली.

अशोकने निळ्या नांग्यांचा एक दांडगा नर आणून त्या टोपात सोडला. मला वाटलं आता या मऊ बाईचं काही खरं नाही. पण तो तिच्याजवळ गेला, मिशांनी चाचपलं आणि दोन्ही लांब नांग्या तिच्या दोन बाजूंना टेकवून वर उभा राहिला. दुसरी मादी जवळ आली तर तिला ढकलून दिलं. दुपारी त्यांचं लग्न लागलं. पुढचं मी सांगत नाही, प्रबंधात आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली केशरी अंड्यांचा घड होता आणि ती पायांनी त्याला सतत वारा घालत होती.

निघायच्या आदल्या दिवशी सुजाताने तळ्यातली एक मादी दाखवली. तिची अंडी केशरीची राखाडी झाली होती, म्हणजे फुटायला आली होती. तीन वर्षं ती अशा माद्या बघत होती, पण पिल्लं कधी दिसली नव्हती. दर वर्षी बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, बाहेरूनच आणावं लागायचं. पिल्लं जातात कुठे, असं तिने विचारलं. सुनंदाने खरं ते सांगितलं. यांना पहिला महिनाभर खारट पाणी लागतं. नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते. तळ्यात तिला वाट नसते. पिल्लं बाहेर पडतात आणि चार-पाच दिवसांत मरतात.

सुजाताने ती मादी अलगद पाण्यात सोडली. दवाखान्यात रोज दुसऱ्यांच्या लेकरांसाठी सुया टोचणारी बाई. तिच्या तळ्यात तीन वर्षं हे चाललं होतं आणि तिला माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, "किती खारट?"

सुनंदाने लिटरला बारा ग्रॅम मीठ सांगितलं, समुद्राचं, बाजारातलं आयोडिनचं नको. खायला काय द्यायचं, पाणी कसं बदलायचं, सगळं कागदावर लिहून दिलं. आणि घरी असं फार कमी वेळा साधतं, हेही सांगितलं.

वाशीम

येताना आमच्यासोबत बर्फात शंभरेक नळ्या होत्या, आणि सुजाताने बांधून दिलेला खर्डा. सुनंदा दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेली. मीही बरोबर गेलो आणि बाहेर बसलो नाही, आत बसलो.

नळ्यांचे आकडे जानेवारीत आले. आपणहून कात टाकणाऱ्या माद्यांमध्ये हार्मोन हळूहळू चढतो, एका रात्रीत कळस गाठतो आणि उतरतो. डोळे कापलेल्यांमध्ये तो नुसता उधळलेला होता. आधीच्या पाच प्रकरणांत सुनंदाने जे लिहिलं होतं, त्यातलं बरंच तिला स्वतःच खोडून पुन्हा लिहावं लागलं. तिने लिहिलं. सरांनी प्रकरण परत पाठवलं तेव्हा समासात पेन्सिलने एकच प्रश्न होता: "इतकं स्वच्छ रक्त कोणी काढलं?" सुनंदाने खाली सुजाताचं पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा लिहून दिला. प्रबंध मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला.

सुजाताचे फोन मधूनमधून यायचे. पहिल्या टोपातली पिल्लं पाचव्या दिवशी गेली. दुसऱ्या टोपातली दहाव्या. तिसऱ्या वेळी तिने व्हिडिओ पाठवला: पिवळ्या टोपात धुळीच्या कणांएवढे शेकडो जीव. सगळे उलटे, पाठ खाली, शेपटी पुढे करून पोहत होते. लेकरं अशी उलटी का, माझं काही चुकलं का, असं तिने विचारलं होतं. सुनंदाने सांगितलं की ती उलटीच पोहतात. जगली तर महिन्याभराने एके दिवशी सरळ होतात, पुढे तोंड करून चालायला लागतात, आणि तेव्हाच त्यांचे खरे झिंगे झाले म्हणायचं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर काही कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

मग एका सकाळी, मी मिक्सरवर चटणी वाटत असताना, फोन आला. सुनंदाने स्पीकर लावला. सुजाताचा आवाज अगदी हळू होता, टोपाजवळ बसून बोलत असावी.

"मॅडम, एक सरळ झालंय."

सुनंदाने विचारलं, एकूण किती?

"एकच. टोपाच्या कडंला बसलंय. पुढं तोंड करून."

सुनंदा खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली: आता गोडं पाणी घालायचं, पण वाटीने, दिवसातून चार वेळा, घाई करायची नाही, ते दचकता कामा नये. मी मिक्सर बंद केला.